पार्ल्याच्या आहारतज्ज्ञ: खाणं वाढवायची फी

बारीक होण्यासाठी पैसे मोजणारे पुष्कळ, मी खाणं वाढवायला मोजले. वर्षभर १२०० कॅलरींवर काढल्यावर वजन हलेना, पंख्याखाली हुडहुडी भरायची, चर्चगेट फास्टमध्ये उभं राहिलं की गरगरायचं. बाईंनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून आणायला लावलं, तिथेच विश्वास बसला.

मग दर आठवड्याला पन्नास ते शंभर कॅलरींची वाढ. आधी डब्यात एक पोळी जास्त, पुढे वरणभातावर चमचाभर तूप, मग चहाबरोबर थोडे शेंगदाणे. काटा सुरुवातीला वर गेला तेव्हा मी घाबरले. त्या म्हणाल्या, ‘पिष्टमय पदार्थ वाढले की शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरून ठेवतं, त्याबरोबर पाणीही. चरबी एवढ्या लवकर चढत नाही.’ चयापचय बंद पडत नाही, फक्त काटकसरीला लागतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत झालेल्या उपासमारीच्या मिनेसोटा प्रयोगातल्या ३६ तरुणांपैकी कित्येकांची भूक, सहा महिने अर्धपोटी राहिल्यावर, भरपूर खाऊनही भागेना. म्हणून हा संथपणा. तरी अशा टप्प्याटप्प्याने चयापचय लवकर सुधारतं याला ठोस पुरावा नाही, हेही बाईंनी आपणहून सांगितलं. फी घेणारं माणूस असं क्वचितच बोलतं.

आता थंडी वाजत नाही, झोप लागते. वजन आधीपेक्षा किंचित जास्तच आहे, मला चालतंय. फी मात्र चांगलीच आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. शनिवारी जाऊ नका, तासभर बाकावर बसावं लागतं.