मार्चमध्ये दार वाजवणारे झाडवाले : टेक्सासमधल्या ओकच्या छाटणीतली फसवणूक

फेब्रुवारी उलटला की ऑस्टिन, सॅन अँटोनियो, डॅलसच्या आसपासच्या वस्त्यांत पिकअप फिरू लागतात. मागे शिडी, चेनसॉ, फांद्या भरायला ट्रेलर. दार वाजतं. माणूस अदबीने बोलतो आणि अंगणातल्या लाइव्ह ओककडे बोट दाखवतो : "पानं बघा कशी पिवळी पडलीत. ओक विल्ट आहे. आज छाटलं नाही तर झाड जाईल. रोख दिलेत तर निम्म्यात करतो." नवं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला हे चटकन पटतं. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर फांद्या उतरवायची रीतच आहे आणि ओक हे झाड गावाकडे कुणी पाहिलेलं नसतं.

ओक विल्ट म्हणजे ओकची झाडं वाळवणारा बुरशीचा रोग. पानं खरोखरच पिवळी असतात, पण निदान खोटं असतं. लाइव्ह ओक सदाहरित म्हणवला जात असला तरी जुनी पानं तो वसंताच्या सुरुवातीला झाडतो आणि मागोमाग नवी पालवी फुटते. गळलेलं पान हातात घेऊन बघा. सगळंच पान पिवळं-तपकिरी झालं असेल आणि फांदीच्या टोकाला कोवळे कोंब दिसत असतील, तर ती नेहमीची पानगळ. ओक विल्टमध्ये बहुधा शिरा पिवळ्या किंवा तपकिरी पडतात आणि शिरांमधला भाग हिरवा राहतो, माशाचा काटा उठून दिसावा तसा. खात्री करायची तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळा आहे. लक्षणं दिसणाऱ्या, पण अजून जिवंत असलेल्या फांदीचे इंचभर जाडीचे, सहा ते आठ इंच लांबीचे तुकडे गार ठेवून पाठवायचे. नुसत्या वाळक्या काटक्यांत बुरशी सापडत नाही.

सगळ्यात संताप याचा येतो की रोग नसलेल्या झाडाला या छाटणीमुळेच रोग लागू शकतो. ओक विल्ट होतो तो ब्रेट्झिएला फॅगेसिएरम नावाच्या बुरशीने. रोगाने मेलेल्या रेड ओकच्या (ओकचाच दुसरा प्रकार) सालीखाली तिचे थर तयार होतात, त्यांना पिकलेल्या फळासारखा आंबूस-गोड वास येतो. रस शोषणारे बारीक भुंगे तिथे येतात, अंगाला बीजाणू घेऊन उडतात आणि ताज्या कापावर बसतात. थर आणि भुंगे दोन्हींचा जोर वसंतात असतो. म्हणून टेक्सासच्या वनसेवेचा सल्ला स्पष्ट आहे : १ फेब्रुवारी ते ३० जून ओकला हत्यार लावू नका. (मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनकडे राहणाऱ्यांनी आपल्या राज्याच्या तारखा पाहाव्यात, तिकडे धोक्याचा काळ साधारण एप्रिल ते जुलै.) मोडून लोंबणारी, जीवाला धोका असणारी फांदी तेवढी अपवाद.

एकदा बुरशी आत शिरली की लाइव्ह ओकची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यातून ती वर्षाला साधारण ७५ फूट सरकते. म्हणजे शेजाऱ्याची झाडंही गेली. रेड ओक काही आठवड्यांत वाळतो. लाइव्ह ओक बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांत मरतो, थोडे तगतात.

कापांवर रंग लावून देण्याचं आमिष इथेच येतं. "आम्ही सील करतो" म्हणतात आणि सगळी छाटणी आटोपल्यावर, संध्याकाळी, खाली उभं राहून हाताला येतील तेवढेच काप रंगवतात. वरचे काप उघडे राहतात. नाशिक-सांगलीच्या बागांत कापावर बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक असते. इथला रंग औषध नाही, भुंग्याला अडवणारं झाकण आहे. त्यामुळे साधा लेटेक्स रंगही चालतो, पण प्रत्येक काप पडल्यावर लगेच, काही मिनिटांत, वर चढलेल्या माणसानेच लावायला हवा. झाड तोडलं तर उरलेल्या बुंध्यालाही. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात.

त्याच्या बुटांकडेही बघा. लोखंडी काटे लावून जिवंत झाडावर चढत असेल, तर प्रत्येक पावलागणिक खोडाला जखम होते. तिथेच काम थांबवा.

दुसरी फसवणूक इंजेक्शनची. छातीच्या उंचीवर दोन-तीन भोकं, त्यात काहीतरी ओतलं, दहा मिनिटांत काम संपलं आणि मोठं बिल. खरं औषध प्रोपिकोनॅझोल. त्यासाठी बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं जिथे फाकतात तो भाग उघडा करतात, तिथे सगळीकडून काही इंचांच्या अंतराने बारीक भोकं पाडतात आणि पाण्यात मिसळलेलं औषध दाबाने सोडतात. खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक लिटर द्रावण लागतं. वीस इंची झाड दहा मिनिटांत होतच नाही. शिवाय हा उपाय मुख्यतः रोगाच्या वाटेवर असलेल्या, अजून निरोगी झाडांसाठी आहे आणि मुळांतून होणारा प्रसार त्याने थांबत नाही.

झाडं छाटायला टेक्सासमध्ये राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे "लायसन्स आहे" या शब्दाला फारसा अर्थ नाही. आयएसएचा (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, झाडांची निगा राखणाऱ्यांची संस्था) प्रमाणपत्र क्रमांक मागा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. पैसे घेऊन औषध देणाऱ्याकडे मात्र राज्याच्या कृषी खात्याचा परवाना असावाच लागतो. विम्याचा कागद विमा एजंटाकडून थेट मागवा. माणूस तुमच्या अंगणात पडला तर प्रश्न तुमच्या गळ्यात येतो. आणि जो मार्चमध्ये निरोगी ओक छाटायला तयार आहे, त्याचे बाकीचे कागद बघायची गरजच नाही.

फसला असाल तर दारात झालेला २५ डॉलरवरचा सौदा सहसा तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो, हा केंद्रीय नियम आहे. लेखी कळवा, त्याची प्रत ठेवा. त्याआधी उघडे काप आजच्या आज रंगवून घ्या. 'नीट करायला' म्हणून ते पुन्हा कापू नका. झाडाचे फोटो तारखेसह काढा, पुढचे काही महिने पानांच्या शिरा बघत राहा आणि शंका आली तर शेजाऱ्यांना त्याच दिवशी सांगा, कारण मुळं कुंपण ओळखत नाहीत.