बिबड्यांचं पेज गेलं ते असं

आमचा घरगुती उद्योग अमळनेरचा. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, शिवाय उडदाचे पापड, कुरडया, काळा मसाला. होळी झाली की कामाला तोंड लागतं, ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्यानं फेसबुकवर पेज काढून दिलं. चार वर्षांत २३०० फॉलोअर झाले. त्यातले बहुतेक आपलेच, सुरत, पुणे, नाशिकला गेलेले. एकदा खाटेवर वाळत घातलेले बिबडे आणि अर्धा ओला बिबडा पळवणारं शेजारचं पोरगं, एवढाच व्हिडिओ टाकला होता. 'मामाचं गाव आठवलं' म्हणत त्यावर नुसत्या सुरतेतून अकरा ऑर्डरी आल्या.

तरी मला हाव सुटली. गेल्या फेब्रुवारीत एका माणसाचा फोन आला. "ताई, तुमचा माल एक नंबर, पण पेज झोपलंय. तीन महिन्यांत पंचवीस हजार फॉलोअर करून देतो." बोलणं गोड, मराठी आपल्याकडचंच. तीन महिन्यांचे १८ हजार आणि जाहिरातीला वेगळे १० हजार, सगळे आगाऊ. मी यूपीआयनं पाठवले. मग म्हणाला, काम करायला पासवर्ड लागेल. दिला. ओटीपी आला, तोही वाचून दाखवला. दुकानाची किल्ली मी सख्ख्या दिराला देताना दोनदा विचार करते, आणि इथे पीठ लागलेल्या बोटांनी आकडे सांगत होते.

पंधरा दिवसांत फॉलोअर नऊ हजारांवर. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण फोन काही वाजेना. फोटोखाली 'नाइस पिक डिअर' असल्या कमेंटी, तेही उडदाच्या पापडाच्या फोटोखाली! आमच्याकडे थापायला येणाऱ्या मावशी मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, "ह्या कोन शेतस वं बाई?" खरंच, एकही नाव ओळखीचं नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, आधी गर्दी जमते, मग गिऱ्हाईक येतं." दर सोमवारी तो एक स्क्रीनशॉट पाठवायचा. त्यात जाहिरात १ लाख ४० हजार लोकांपर्यंत पोचल्याचं लिहिलेलं. मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे, आता आठवलं की लाज वाटते.

भाचा पुण्याहून आला तेव्हा पाच आठवडे झाले होते. त्यानं आधी इनसाइट्स उघडलं. त्यात फॉलोअर कुठल्या देशातले, कुठल्या शहरातले ते दिसतं. वरचे दोन देश ब्राझील आणि तुर्की. जळगाव, धुळे यादीतच नाही. मग मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, अॅड लायब्ररी दाखवली. कुठल्याही पेजची चालू जाहिरात तिथे कोणालाही फुकट बघता येते. आमच्या पेजच्या नावावर एकही नव्हती, आणि त्याच सकाळी त्या गृहस्थाचा मेसेज होता की जाहिरात जोरात चालू आहे.

जाब विचारला त्या रात्री पेजवरून आम्हीच बाहेर. ईमेल, मोबाइल नंबर सगळं त्यानं बदललेलं. परत हवं तर 'हँडओव्हर'चे १५ हजार मागितले. दिले नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण या नंबरवर पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. माझे पैसे जाऊन महिना उलटला होता.

खरी जिवाला लागली ती पुढची गोष्ट. सुरतेच्या उधन्यातून एका ताईंचा फोन आला. पेजवरच्या नंबरवर १४५० रुपये भरले, आखाजी तोंडावर आली, पार्सल कुठे आहे? नंबर माझा नव्हताच. त्यांच्याकडे माझा जुना नंबर मसाल्याच्या पुडीवर होता म्हणून कळलं तरी. त्यांना पार्सल माझ्या खर्चानं पाठवलं. असे आणखी किती जण असतील, कोण जाणे.

नव्या पेजवर सध्या ४१२ जण आहेत. पासवर्ड कोणाला द्यायचाच नसतो, हे भाच्यानं आत्ता शिकवलं. पेजच्या सेटिंगमधून माणसाला फक्त पोस्ट टाकण्यापुरता किंवा जाहिरातीपुरता प्रवेश देता येतो, नको वाटलं की काढता येतो. जाहिरातीचं खातं माझ्या नावावर आहे, पैसे माझ्याच खात्यातून जातात, मेटाचं बिल मलाच मेलवर येतं, १८ टक्के जीएसटीसकट. जाहिरात फक्त सुरत आणि पुण्याला दाखवतो.

जुनं पेज अजून चालूच आहे. रिपोर्ट करून थकलो. त्यावर आमच्याच गच्चीचा फोटो आहे, हिरवी नायलॉनची खाट, कोपऱ्यात मावशींची चप्पल, आणि खाली त्याचा नंबर. त्या नंबरवर पैसे पाठवू नका. आमचा नंबर पुडीवर छापलेला असतो, तोच खरा.