गोळी की इन्सुलिन? खान्देशातल्या उन्हाळ्यात

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून तिथे इन्सुलिनला पर्यायच नाही. प्रश्न टाइप २ चा, जिथे इन्सुलिन बनतं पण पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. मेटफॉर्मिनची गोळी यकृतातून सुटणारी साखर आवरते, एकटी घेतली तर साखर सहसा फार खाली नेत नाही, आणि खिशात टाकून रावेरच्या केळीबागेत जाता येतं. मूत्रपिंडं फारच कमजोर असतील तर मात्र चालत नाही.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की इन्सुलिन. ‘सुई लागली म्हणजे संपलं’ म्हणत आपली माणसं वर्षं घालवतात, डोळे-पाय गमावतात. याचं मला फार वाईट वाटतं.

खरी अडचण उन्हाची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत हवी, इथे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. फ्रिज नसेल तर वापरातली कुपी पिशवीत बांधून ओल्या मडक्यात ठेवा. बर्फात नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि टोचल्यावर भाकरीला उशीर नको; घाम, थरथर सुटली म्हणजे रक्तातली साखर फार उतरली, लगेच तीन छोटे चमचे साखर.