सन ब्लेड घ्यावी की मेस ऑफ डिसरप्शन?

थडग्यातला खजिना उघडला, डीएम (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा खेळ चालवणारा) हसला आणि म्हणाला, दोन्हींपैकी एकच उचला. एका बाजूला सन ब्लेड, म्हणजे नुसती मूठ असलेली, उजेडाचं पातं फुटणारी तलवार, दुसरीकडे मेस ऑफ डिसरप्शन, म्हणजे मंद झळकणारी गदा. दोन्ही ‘रेअर’ (दुर्मिळ), दोन्हींना अट्यूनमेंट (जादूच्या वस्तूशी नातं जोडणं) लागतं, म्हणजे तुमच्या तीन जागांपैकी एक जाणार हे नक्की. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मेलेल्यांना पुन्हा मारायला निघालेल्या टोळीसमोर हा पेच हमखास येतो. खालचे आकडे २०१४च्या नियमांचे आहेत. २०२४च्या सुधारित नियमांनी खेळत असाल तर एकदा पडताळून घ्या.

आधी फाशांचा हिशेब, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. गदेचा मूळ मार एक डी-६ (सहा बाजूंचा फासा) आणि अनडेडवर (मेलेले पण चालते-फिरते) वरून दोन डी-६ रेडियंट (तेजाचा मार). सन ब्लेडचा मूळ मार डी-८, तोही रेडियंट, त्यावर २ची भर आणि अनडेडवर आणखी एक डी-८. सरासरी काढली तर गदा १०.५, तलवार ११. म्हणजे बरोबरीच? नाही. तलवारीचे ते २ फटका लागण्याच्या फाशावरही मिळतात, गदेला तिथे काहीच नाही. आठव्या लेव्हलचा, १८ ताकदीचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) धरा. १६ एसीच्या (बचावाचा आकडा) व्हॅम्पायरवर गदा ६० टक्के वेळा लागते, तलवार ७० टक्के. १८ ताकदीमुळे मारावर चढणारे ४ मिळवून एका वारामागे पदरात पडतं ते गदेचं ८.७ आणि तलवारीचं १०.५. तलवार दोन्ही हातांनी धरली तर डी-१०, मग अंतर आणखी वाढतं.

मग गदा घ्यायचीच कशाला? एक घाव, शून्य तुकडे, म्हणून. घाव बसल्यावर समोरच्या अनडेडकडे २५ किंवा कमी हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) उरले, तर त्याला १५ डीसीचा विस्डम सेव्ह (फासा आणि भर मिळून १५ गाठण्याचा बचाव) टाकावा लागतो. चुकला की नष्ट. झॉम्बी मुळातच २२ हिट पॉइंटचा आणि सेव्हला शून्य भर, म्हणजे ७० टक्के वेळा पहिल्याच घावात विषय संपला. खरी मजा मात्र वाइट नावाच्या अनडेडसारख्या मधल्या फळीत येते. त्याचे ४५ हिट पॉइंट कागदावर दिसतात, पण गदेवाल्याला जेमतेम २० खरवडायचे असतात. वाचला तरी तो तुमच्या पुढच्या टर्नच्या अखेरीपर्यंत घाबरलेला राहतो. हे सगळं फीन्डवरही (नरकातले सैतान वगैरे) चालतं. मोहीम नरकाकडे वळणार असेल तर सन ब्लेडचा जादा डी-८ तिथे गळून पडतो, गदेचे दोन डी-६ कायम राहतात. बऱ्याच डेव्हिल आणि डीमनना मॅजिक रेझिस्टन्स (जादूविरुद्ध सेव्ह सोपा होणं) असतो, त्यामुळे तिथे सेव्हवर फार भिस्त ठेवू नका.

गदेची गोम अशी की तो १५ डीसी तुमच्याबरोबर वाढत नाही. लिचचा (अनडेड बनलेला जादूगार) विस्डम सेव्ह +९, भीतीची बाधा त्याला होतच नाही, वर दिवसाला तीन लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह यशस्वी करून घेण्याची सोय). त्याच्यापुढे ती फक्त बऱ्यापैकी गदा उरते.

सन ब्लेडचं खरं मोल माझ्या मते फाशांत नाहीच, एका छोट्या वाक्यात आहे: तिचा उजेड म्हणजे सूर्यप्रकाश. गदाही उजेड देते, सुरुवातीला तर जास्तच, २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट मंद. पण तो कंदिलाचा उजेड झाला. उन्हात टर्न सुरू करणाऱ्या व्हॅम्पायरला आपोआप २० रेडियंट बसतात, त्याच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) लागतो आणि मुख्य म्हणजे शेवटच्या क्षणी धुकं होऊन सटकता येत नाही. त्याची जखम भरून येणं दोन्ही शस्त्रं थांबवतात, पण पळवाट बंद करते ती तलवारच. शॅडो, स्पेक्टर आणि वाइट या अनडेडांचीही उन्हात पंचाईत होते.

फक्त तयारी आधी करा. उजेड सुरुवातीला १५ फूट लख्ख आणि १५ फूट मंद असतो. तो ३०-३० करायला दर पाच फुटांना एक अ‍ॅक्शन जाते, म्हणजे तीन टर्न. शहाणा व्हॅम्पायर तेवढ्या वेळात भिंतीवर चढून बसतो. दार उघडण्याआधीच पातं काढून उजेड वाढवून ठेवा.

आता हात कोणाचा? साध्या डोमेनच्या (पंथशाखेच्या) क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, लाँगसोर्ड (सन ब्लेड त्यातलीच) येत नाही, गदा येते, त्याच्यासाठी प्रश्न मिटला. रोगला (चोरट्या वाराचा गडी) उलट. सन ब्लेडला फिनेस (चपळाईने वापरता येणं) असल्यामुळे स्नीक अटॅक (रोगचा चोरटा जादा मार) लागतो, गदेने तो कधीच लागणार नाही. लपायचं तर पातं मिटवून मूठ खिशात. पॅलाडिनला दोन्ही चालतात आणि स्माइटही (त्याचा दैवी जादा मार) दोन्हींवर बसतो. त्याने मोहिमेच्या शेवटी कोण बसलंय ते बघावं. व्हॅम्पायर असेल तर तलवार, थडगी आणि सैतानांची खिचडी असेल तर गदा. काहीच माहीत नसेल तर मी तलवार उचलेन, कारण साध्या डाकूवरही ती अधिक दोनची तलवार राहते आणि गदा तिथे नुसती डी-६ची.

एक अडचण मात्र आधी विचारून घ्या: टोळीत कोणी ड्राऊ (उन्हाचा त्रास होणारे, जमिनीखालचे एल्फ) आहे का? तलवारीचा सूर्य आपला-परका बघत नाही. आमच्या ड्राऊ विझार्डने अख्खी लढाई डिसअ‍ॅडव्हांटेजने खेळली आणि नंतर दोन सेशन माझ्याशी बोलला नाही.