मूस पाण्यात पडला तर: तिथेच कापायचा की काठावर ओढायचा?

फेअरबँक्सला नवीन आलेल्या एका मुलाचा परवा फोन आला, त्याचे अलास्कात बारा महिने पूर्ण झालेत म्हणजे आता रेसिडेंट लायसन (इथल्या रहिवाशांचं शिकारीचं) मिळेल आणि सप्टेंबरमध्ये बोटीने मूसच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं ठरतंय, तर विचारत होता की दादा, पाण्यात पडला तर तिथेच कापायचा की ओढून बाहेर काढायचा. फोनवर अर्धवटच सांगितलं गेलं म्हणून इथे नीट लिहितोय, अजून कोणाला उपयोग झाला तर बरंच. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या वर्षी, दोन्ही वेळा टनाना नदीच्या आतल्या फाट्यांवर.

मुद्दाम पाण्यात कोणी पाडत नाही हे आधी सांगतो. पोहणाऱ्या मूसवर गोळी झाडायला कायद्यानेच बंदी आहे, आणि अगदी काठावर उभा असेल तरी तो आत झाडीकडे वळेपर्यंत थांबलेलं चांगलं. पण छातीत नीट बसलेली गोळी खाऊनही तो लगेच कोसळत नाही, काही पावलं चालतो, आणि ती पावलं माझ्या बाबतीत दोन्ही वेळा पाण्याकडेच गेली.

पहिल्या वेळी मी आणि माझे साडू होतो, मूस मांडीभर पाण्यात आडवा झालेला, आणि आमच्याकडे दोर सोडून काहीच नव्हतं. मग पाण्यातच कापला. या पद्धतीचं चांगलं ते आधी सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. सामान लागत नाही, लगेच सुरुवात करता येते, आणि मूसचे केस आतून पोकळ असल्यामुळे धूड अर्धवट तरंगतं, त्यामुळे जमिनीवर ज्याला कूस बदलायला लावताना दोघांचा दम निघतो तो पाण्यात सहज फिरतो. शिंगं दोराने विलोच्या झुडपांना बांधली, वरच्या बाजूचे पाय सोडवून बोटीत टाकले, मग उलटा केला. बोटं मात्र इतकी बधिर झाली की सुरीची धार कुठे आहे ते कळेना, आणि अशा वेळी हात कापला तर दवाखाना कित्येक तास लांब असतो, हे विसरू नका.

आणि एक गैरसमज आमचाही होता की थंड पाण्यात आहे म्हणजे मांस आपोआप गार होतंय. होत नाही. तेच पोकळ केस आणि जाड कातडं आतली ऊब धरून ठेवतात, पोट फुगायला लागतं, आणि मागच्या पायाच्या खुब्याजवळ जिथे मांस सगळ्यात जाड असतं तिथे ते हाडापासून बाहेरच्या दिशेने आंबत जातं. बाहेरून हात लावला तर गार लागतं आणि आत ते वाया जात असतं.

पण माझा निर्णय झाला तो यामुळे नाही, गाळामुळे. टनानाला हिमनद्यांचं पाणी येतं, राखाडी रंगाचं, आणि त्यातला गाळ पिठासारखा बारीक असतो. कातडं उघडलं की ते पाणी स्नायूंच्या मधल्या पापुद्र्यांत शिरतं आणि तिथेच बसतं. आम्ही घरी आल्यावर पुसलं, धुतलं, वरचा थर कापून टाकला, दिसायला एकदम स्वच्छ. पहिला खिमा केला, काळा मसाला घालून, आणि पहिल्याच घासाला कचकच. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं पीठ ज्यांनी खाल्लंय त्यांना बरोबर कळेल मी काय म्हणतोय. बायकोने घास बाजूला काढून ठेवला. फ्रीजर भरलेला होता आणि प्रत्येक पाकिटात तेच, कधी कमी कधी जास्त, पूर्ण हिवाळाभर. एवढा जीव घेतला आणि त्याचं मांस आपण नीट राखू शकलो नाही, हे मला फार लागलं. मोठा नर 700 किलोच्या घरात गेला तरी हाडं-कातडं वगळून खायचं मांस सव्वादोनशे किलोच्या आसपासच निघतं, त्यातलं पण छाटून फेकायचं म्हणजे जिवावर येतं.

पुढच्या वेळी विंच घेऊन गेलो. म्हणजे केबल गुंडाळत ओझं ओढायचं यंत्र, हाताने चालवायचं, ज्याला इथे सगळे कम-अलाँग म्हणतात, सोबत दोन कप्प्या, न ताणणारा 30 मीटर दोर आणि झाडाला गुंडाळायला रुंद पट्टा. विंचची केबल थोडीच असते त्यामुळे ओढा, अडकवा, सोडा, परत ओढा असं चालतं, आणि आम्हाला तब्बल अडीच तास लागले. पुढचे पाय डोक्याशी बांधून डोक्याकडूनच ओढा म्हणजे केस ज्या दिशेने पडतात त्याच दिशेने धूड सरकतं, उलटं ओढलं तर प्रत्येक इंचाला भांडतं. काठावर स्प्रूसचे दोन ओंडके आडवे टाकले तर अजून सोपं. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. आणि अख्खा कोरडा करायच्या मागे लागू नका, पोट आणि छाती पाण्याच्या वर आली की लगेच उघडा, कारण ऊब बाहेर काढणं जास्त गरजेचं.

मग पाय सुती पिशव्यांत घालून, ताडपत्रीखाली आडव्या दांड्यावर वारा लागेल असे टांगले. प्लॅस्टिक अजिबात नाही. वरून सायट्रिक अॅसिडचं पाणी मारलं, तेच आपलं ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल, एक लिटरला साधारण 60 ग्रॅम, त्याने पृष्ठभाग आंबट राहतो आणि माश्या पण बसत नाहीत. सकाळी मांसावर कोरडा, गडद पापुद्रा धरला होता. हा पापुद्राच मांस टिकवतो, आणि भिजलेल्या मांसावर तो आमच्या पहिल्या वेळी शेवटपर्यंत धरलाच नव्हता.

आता विंच सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. खडी-वाळूच्या पट्ट्यावर बांधायला झाड नसतं, तिथे बोटीने हळूहळू ओढून उथळ जागी टेकवणं बरं. पाणी नितळ असेल, तुम्ही तिघं-चौघं असाल आणि अंधार पडत आला असेल तर पाण्यात कापणं कदाचित शहाणपणाचंही ठरेल, फक्त कातडं शेवटपर्यंत मांसावर राहू द्या आणि ते बोटीत किंवा काठावर काढा. काही युनिटमध्ये (शिकारीसाठी पाडलेल्या विभागांमध्ये) 1 ऑक्टोबरच्या आधी पाय आणि बरगड्या हाडासकटच आणायला लागतात, त्यामुळे पाण्यातच हाडं सोडवून वजन कमी करू असा विचार असेल तर आधी आपल्या युनिटचे नियम वाचा. पण गढूळ नदी आणि काठाला झाडं असतील तर माझ्या मते ते अडीच तास द्यावेत.

त्या मुलाला सांगितलंय, विंच आणि कप्प्या माझ्या गॅरेजमध्येच आहेत, ऑगस्टच्या शेवटी येऊन घेऊन जा. आणि एकदा अंगणातल्या झाडाला जड लाकूड बांधून ओढून बघ, गाठी हाताला बसू देत.