काचेतले ब्लाइंड की साधे पडदे? एकेक खिडकी बघून ठरवा

समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू असेल, तर व्हेनेशियन ब्लाइंड पुसणं म्हणजे काय ते कळतं. हातात जुना मोजा चढवायचा आणि एकेक पट्टी वरून-खालून पुसत जायची. मोजा काळा होतो आणि आठवड्यात पट्ट्यांवर पुन्हा धुळीचा थर. आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं. त्यामुळे दोन काचांच्या मध्ये बंद असलेले ब्लाइंड पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते फार आवडले. आजही आवडतात. पण सगळ्या घराला लावा, असं मी कुणाला सांगणार नाही.

दोन काचा, मध्ये साधारण 20 ते 30 मिलिमीटरची पोकळी, त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या आणि चारही कडा सीलबंद. काचेवरचं चुंबकी बटण सरकवलं की आतल्या पट्ट्या फिरतात. धूळ नाही, फोडणीचा चिकटपणा नाही, बाळाच्या गळ्यात अडकेल अशी लोंबती दोरी नाही. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल, तर एवढ्यासाठीसुद्धा पैसे मोजावेत.

उन्हाचा हिशेब जरा वेगळा आहे. पडदा ऊन अडवतो, पण ते काचेतून आत आल्यावर. तापलेला पडदा मग खोलीच तापवतो. काचांमधल्या पट्ट्या त्यातली काही उष्णता आत येण्याआधीच थोपवतात, म्हणून त्या पडद्यापेक्षा सरस. मात्र खिडकीबाहेर सोडलेली बांबूची चिक या दोन्हींच्या पुढे आहे, कारण तिथे ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. सोसायटी बाहेरून काही लावू देत असेल, तर आधी चिकच लावून बघा.

आणि दिशा बघा. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. छळते ती पश्चिमेची खिडकी. चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट पलंगावर येतं. जास्तीचे पैसे घालायचे तर तिथे घाला.

आता माझी मुख्य अडचण. आपण खिडक्या उघड्या ठेवतो. संध्याकाळी वारा सुटला की स्लायडिंगचं शटर सरकवायचं, पडदा ओढून घ्यायचा, वाराही येतो आणि आडोसाही राहतो. काचेतला ब्लाइंड शटरबरोबरच सरकतो आणि उघड्या भागाला काहीच उरत नाही. समोरच्या इमारतीतून थेट आतलं दिसतं. म्हणून एसीची, बहुतेक वेळ बंद असणारी बेडरूम हीच त्याची खरी जागा. हॉलला सुती पडदेच बरे. ते दिवाळीआधी धुता येतात आणि कंटाळा आला तर बदलताही येतात.

दुरुस्तीचंही तसंच. रोलर ब्लाइंड बिघडला तर दुकानदार तासाभरात नवा लावतो. इथे सील गेलं की दोन काचांच्या मध्ये दमट हवा शिरते. मग पावसाळ्यातल्या सकाळी काचेच्या कोपऱ्यात धुकं दिसतं, जे आतून पुसून जात नाही आणि बाहेरूनही जात नाही. पट्टी अडकली तरी हात घालता येत नाही, बहुतेक वेळा अख्खं काचेचं युनिटच बदलावं लागतं. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी याचा दोनदा विचार करावा.

जुन्या फ्रेममध्ये हे बसेल, असंही धरून चालू नका. साध्या 5 मिलिमीटर काचेसाठी केलेल्या खाचेत इतकं जाड युनिट मावत नाही आणि दुहेरी काचेचं वजन जुनी चाकं पेलत नाहीत. म्हणजे खिडकीच नवी करायची. घराचं काम निघालेलं असेल तेव्हाच हा विषय काढा. फॅब्रिकेटरकडून साधी काच, दुहेरी काच आणि ब्लाइंडसकट दुहेरी काच असे तीन वेगवेगळे दर मागा, कारण रस्त्याच्या आवाजाला जो फरक पडतो तो दुहेरी काचेचा, ब्लाइंडचा नव्हे. सीलची आणि आतल्या यंत्रणेची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. स्लायडिंग असेल तर बाहेरच्या शटरचं चुंबकी बटण आतल्या शटरला घासत नाही ना, हे नमुन्याच्या खिडकीवर स्वतः सरकवून बघा.