फाफे, फेलूदा आणि कंपनी: पाचवीतल्या लेकीसोबत काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. ९ ते १२ वयाच्या मुलांना साहसकथा, रहस्यकथा घेऊन द्यायच्या असतील तर कव्हरवरचा वयोगट, बक्षिसं वगैरे राहू द्या बाजूला, एकच बघा, गोष्टीतली पोरं मोठ्या माणसांशिवाय किती वेळ बाहेर असतात. आमच्याकडे जी पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत गेली ती बहुतेक अशीच होती, आणि जी अर्धी पडून आहेत त्यांत कोणीतरी काका नाहीतर सर नाहीतर इन्स्पेक्टर साहेब येऊन सगळं सोडवून जातात आणि पोरं टाळ्या वाजवतात.

गणपतीच्या सुट्टीत सुरू केलं होतं, आता वार्षिक परीक्षा होऊन गेलीये. लेक पाचवीत, इंग्रजी मीडियम, आम्ही राहतो घोडबंदर रोडला. घरात मराठीच बोलतो पण मराठी वाचायला दिलं की दोन पानांत पाणी प्यायला जायचं असतं, बाथरूमला जायचं असतं, डोळे चुरचुरतात, सगळं होतं. त्यामुळे हा रिव्ह्यू निम्मा पुस्तकांचा आणि निम्मा मराठी वाचायला लावण्याचा आहे, ज्यांची मुलं आपणहून मराठी वाचतात त्यांनी तो भाग सोडून दिला तरी चालेल.

सुरुवात अर्थातच फास्टर फेणेने, म्हणजे फाफेने. भा. रा. भागवतांची ही वीस पुस्तकं आहेत, पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाची, एकेक पुस्तक बारीक आहे हा मोठाच फायदा, मुलाला जाडी बघून धडकी भरत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल सुसाट मारतो आणि तोंडाने ट्टॉक असा आवाज करतो. ते ट्टॉक आमच्याकडे इतकं चाललं की शेवटी जेवताना बंदी घालावी लागली.

पण गंमत अशी की लेकीला पहिल्या पुस्तकात चोर कोण, गुंड कोण यात रसच नव्हता. तिचा पहिला प्रश्न, "अगं आई, हा एकटाच कसा जातो? त्याला गेटवर कोणी अडवत नाही?" आमच्या सोसायटीत मुलांना गेटबाहेर पडायचं असेल तर वॉचमन आधी आईबापाच्या फोनवर विचारतो, आम्ही ओके दाबलं की मगच सोडतो, आणि बाहेर पडून जाणार तरी कुठे, समोर सर्व्हिस रोड, मेट्रोचे पत्रे आणि डंपर. त्यामुळे तिच्यासाठी खरं साहस कुठलं तर एक मुलगा कोणाला न विचारता सायकल काढतो आणि निघतो हेच. बाकीचं सगळं, मारामारी, पाठलाग, ते नंतर.

सासऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले त्यात काय, आम्ही पण जायचो. ते नौपाड्यात वाढलेले, मासुंदा तलावाला चक्कर मारून कोपरीपर्यंत भाड्याच्या सायकलवर जायचे आणि घरी फक्त दिवेलागणीला आलं पाहिजे एवढाच नियम. तिला हे फाफेपेक्षा जास्त अशक्य वाटलं, तिने तीनदा विचारलं, "आजोबा, खरंच ना?" मग त्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड कसे लपूनछपून वाचायचे ते सुरू केलं, ते मी थांबवलं, पाचवीला ते नको.

फाफेबद्दल तक्रारी पण आहेत. गोष्टी जुन्या आहेत, भागवत १९१० ते २००१, त्यामुळे त्या काळातल्या वस्तू आणि व्यवहार मुलांना लागत नाहीत. काही शब्द मलाच थांबून समजवावे लागले. आणि मुलांचा तो हमखास आक्षेप, "फोन का नाही केला?" प्रत्येक जुन्या रहस्यकथेत हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. दुसरं, सगळी धावपळ मुलांची, म्हणजे मुलग्यांची. फाफेची बहीण माली आहे पण ती प्रत्येक वेळी पुढे असावी असं लेकीला वाटतं आणि तसं होत नाही. यावर ती बरंच चिडली, मग तिने स्वतःच ठरवून टाकलं की वाचताना काही ठिकाणी माली गेली असं समजायचं. चालतं की.

वाचायची पद्धत आम्ही अशी ठेवली. पहिली दोन प्रकरणं मी मोठ्याने वाचायची, तिसरं अर्ध्यात सोडायचं, भाजी बघायची आहे असं सांगून उठायचं आणि पुस्तक तिथेच उघडं ठेवायचं. सुरुवातीला ती वाट बघत बसायची, नंतर नंतर वाट बघणं असह्य व्हायला लागलं आणि तिने जोडाक्षरं अडखळत का होईना पुढे वाचायला सुरुवात केली. यासाठी रहस्यकथाच लागते हां, बोधकथा अर्ध्यात सोडली तर मूल आनंदाने सोडून देतं. आणि एक, अडलेला शब्द लगेच सांगायचा नाही, तिला पुढचं कळायची घाई असते, ती अंदाजाने पुढे जाते आणि बहुतेक वेळा बरोबर जाते.

आता फेलूदा, हा बंगाली डिटेक्टिव्ह. सत्यजित राय यांनी त्याला मुलांच्या संदेश मासिकात १९६५ मध्ये आणली, मासिक त्यांच्या आजोबांनी सुरू केलेलं. मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद आहेत, रोहन प्रकाशनाचे, भाषा इतकी सरळ आहे की अनुवाद वाचतोय असं जाणवत नाही, माझ्या मते मराठी वाचन कच्चं असलेल्या मुलांना फाफेपेक्षाही हे सोपं जातं. वर म्हटलं त्या माझ्या नियमाला हा मोठा अपवाद, कारण फेलूदा स्वतः मोठा माणूस आहे. पण गोष्ट सांगतो त्याचा शाळकरी चुलत भाऊ तोपशे, आणि फेलूदा त्याला "तू लहान आहेस, घरी थांब" असं म्हणत नाही, सगळीकडे नेतो आणि त्याच्यासमोर विचार करतो. लेकीच्या दृष्टीने आदर्श मोठा माणूस असाच असायला हवा. मला त्यावरून बरंच ऐकावं लागतं.

सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते वेरूळचं प्रकरण, त्यात एका मूर्तीचं चोरलेलं शीर आहे, माग काढत सगळे औरंगाबादला आणि मग कैलास लेण्यात येतात. आम्ही दिवाळीत वेरूळला गेलो होतो, ती लेणी बघून पाय दुखतात म्हणून रडलेली मुलगी आता फोटो काढून बघते की खांबामागे माणूस लपू शकतो का. मुंबईत घडणारी पण एक आहे, सिनेमाच्या शूटिंगची, ती पण आवडली कारण जागा ओळखीची. आणि जटायू. हा रहस्यकथा लिहिणारा लेखक, पुस्तकांत हमखास चुका करून ठेवतो आणि फेलूदा दुरुस्त करतो, उंट पाणी कुठे साठवतो वगैरे. सोनेरी किल्ल्याच्या गोष्टीत तो पहिल्यांदा भेटतो, १९७१ची गोष्ट आहे, जमलं तर ती आधी द्या, म्हणजे नंतरच्या पुस्तकांत जटायू आला की मुलांना ओळखीचा वाटतो.

पालकांसाठी सूचना, फेलूदा सिगरेट ओढतो, चारमिनार, आणि बऱ्यापैकी ओढतो. शिवाय खून होतात. रक्तबंबाळ वर्णनं नाहीत पण रात्री झोपताना काही प्रकरणं नको. बायका मुली जवळजवळ नाहीतच. लेक म्हणाली, "बंगालमध्ये मुली राहत नाहीत का?" मी काय बोलणार.

मुली हव्या असतील तर एनिड ब्लायटनचं फेमस फाइव्ह, म्हणजे चार मुलं आणि एक कुत्रा, ते २१ पुस्तकांचं प्रकरण आहेच, पहिलं १९४२चं. इंग्रजीत वाचतात सगळे. वेगात जातं, आईबाप पहिल्या प्रकरणातच गायब होतात, खाणं भरपूर. त्यातली जॉर्ज लेकीला फार आवडली आणि अ‍ॅन सारखी भांडी का घासते यावर वाद झाला. पण चारपाच वाचल्यावर साचा कळतो, भुयार येणार हे तिला आधीच कळायला लागलं आणि तिने आपणहून बंद केली. त्यामुळे अख्खा सेट घेऊ नका, सुटी घ्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं पुस्तक म्हणजे एरिक केस्टनर या जर्मन लेखकाचं एमिल आणि त्याच्या डिटेक्टिव्ह दोस्तांचं, १९२९चं. आम्ही इंग्रजीत वाचलं. एमिल एकटा रेल्वेने बर्लिनला आजीकडे निघालाय, कोटाच्या खिशात १४० मार्क टाचणीने टोचून ठेवलेत, डोळा लागतो आणि पैसे गायब. मग शहरातली अनोळखी पोरं एकत्र येऊन चोराचा पाठलाग करतात. खजिना नाही, बेट नाही, साधी गर्दीची गावं आणि ट्राम. ठाणे स्टेशनला रोज माणसं बघणाऱ्या मुलांना हे लगेच पटतं. त्यात एक छोटा मुलगा आहे ज्याला नेमून दिलेलं काम म्हणजे घरी फोनपाशी बसून निरोप घेणं, बाकी सगळे बाहेर मजा करतायत आणि हा बसलाय, आणि तरी तो उठत नाही. लेकीला तो सगळ्यात आवडला. मला वाटलं होतं त्यातला भोंगा वाजवणारा दुसरा मुलगा आवडेल. त्या टाचणीकडे मात्र लक्ष ठेवायला सांगा, एवढंच बोलते. लेखकाने धागा अगदी डोळ्यांसमोर ठेवलेला असतो आणि तरी आपल्याला दिसत नाही, चांगली रहस्यकथा ओळखायची तर अशी, शेवटी मागची पानं उलटून बघितलं की ते खरंच तिथे असतं. ज्या पुस्तकात शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ निघतो ते लेकीने फेकलं, अक्षरशः, सोफ्यावर.

ज्यूल व्हर्नचं ८० दिवसांत जगप्रदक्षिणेचं सांगायलाच हवं, कारण त्यात आपण आहोत. फॉग साहेब २ ऑक्टोबर १८७२ ला लंडनहून निघतो, २० तारखेला मुंबईत पोचतो आणि रात्री ८ च्या गाडीने कलकत्त्याकडे. पुस्तकात चक्क लिहिलंय की तासाभराने गाडीने साष्टी बेट (आपलं ठाणं ज्यावर आहे ते) मागे टाकलं आणि पुढे कल्याण आलं. म्हणजे खाडी ओलांडली ती ठाण्यावरूनच, तेव्हा दुसरा मार्ग होता कुठे, इथली पहिली गाडी १८५३ची, कल्याणला पोचली १८५४ला. हे वाचून लेक वेडी झाली, आता लोकल कळव्याच्या पुलावर आली की ती फॉग फॉग करते आणि डब्यातल्या बायका बघतात. पण नातेवाइकांनी भेट दिलेल्या संक्षिप्त आवृत्तीत हे कल्याण नव्हतंच! मुंबईतून उडी थेट हत्तीवर. मग दुसरी, पूर्ण आवृत्ती शोधली. मुलांसाठी छोटं करताना नेमकं हेच कापतात, गावं, वेळापत्रकं, अंतरं, आणि मुलांना नेमकं तेच हवं असतं कारण नकाशावर बोट ठेवता येतं. त्यामुळे "मुलांसाठी संक्षिप्त" असं कव्हरवर असेल तर घेण्याआधी मूळ किती पानांचं आहे ते बघा.

बाइंडिंगचं थोडक्यात. ऑनलाइन मागवलेल्या एका मराठी पुस्तकाची सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब, तीही ऐन पाठलागात, विक्रेत्याने बदलून दिलं पण तोवर लेकीने मधला भाग स्वतः रचून टाकला होता, आणि खरं सांगायचं तर तिचा जास्त बरा होता. पावसाळ्यात कागद लगेच फुगतो, खिडकीपाशी ठेवू नका. आणि सगळं विकत घ्यायची गरज नाही, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जुनी पुस्तकं अशाच ठिकाणी बघावीत. मूल स्वतः कपाटासमोर उभं राहून निवडतं हेही एक आहेच.

काही बदललं का, तर हो. मराठी वाचन सुधारलंय, जोडाक्षरांना थांबत नाही. दुसरं म्हणजे ती हल्ली बाहेर जायचं मागते. रहस्य वगैरे शोधायला नाही, फक्त कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणायला, एकटी. नवरा म्हणाला पुस्तकं बंद करूया. मी एका रविवारी सकाळी, ट्रॅफिक कमी असताना, ओके दाबलं आणि बाल्कनीत उभी राहिले. ब्रेड आणायला एवढा वेळ लागत नाही, पण ती दुकानापर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत गेली होती.

क्रम विचारत असाल तर आधी फाफेची दोन, मग सोनेरी किल्ला, मग एमिल, व्हर्न पूर्ण आवृत्तीत सहावीच्या आसपास. ब्लायटन मध्ये कधीही. भुताखेतांची अजून उघडलेली नाहीत, ती कोणाच्या मुलांनी वाचली असतील तर रात्री दिवा चालू ठेवावा लागतो का ते जरूर सांगा.